जमीन विकली, पैसा कुठे मुरला?

यूकेला मास्टर्सला गेलेला एखादा सीनिअर तुमच्या ओळखीत असेलच. त्याला 'अ‍ॅलॉटमेंट' विचारा. शहराच्या कडेला भाजीचे वाफे आणि मधेमधे लाकडी शेड दिसतात, तीच. जमीन बहुतेकदा कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची. साधारण अडीचशे चौरस मीटरचा तुकडा वर्षाच्या भाड्याने घ्यायचा आणि बटाटे, कांदे लावायचे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याचं इतकं अप्रूप, की बऱ्याच ठिकाणी नंबर लागायला वर्षं जातात.

तरीही या जागा विकल्या जातात. इंग्लंडमध्ये त्यासाठी 1925 च्या कायद्यानुसार मंत्र्यांची परवानगी लागते. 2025 च्या ऑगस्टमध्ये बातमी आली, की अँजेला रेनर यांच्या खात्याने अशा आठ जागांना परवानगी दिली. स्वतः अ‍ॅलॉटमेंट कसणारे जेरेमी कॉर्बिन भडकले. सगळा वाद 'विकायचं की नाही' यावरच झाला. मला विचाराल तर मेख पुढे आहे.

1908 चा कायदा सांगतो, की विक्रीचा पैसा आधी अ‍ॅलॉटमेंटवरच लावा. जमीन घेताना काढलेलं कर्ज फेडा, नवी जमीन घ्या, आहे ती सुधारा. त्यातून उरलं, तर इतर भांडवली कामांना वापरा. पण 'उरलं' म्हणजे नेमकं काय? वेटिंग लिस्टवर माणसं ताटकळत असताना पैसा उरतोच कसा?

कौन्सिलची बाजूही खोटी नाही. 2023 मध्ये बर्मिंगहॅमने तर हातच वर केले. घरं हवीत, म्हाताऱ्यांची देखभाल हवी, पैसा कुठून आणणार? मान्य. पण देखभालीचा खर्च दरवर्षी येतो, जमीन एकदाच विकता येते. म्हणूनच विक्रीचा पैसा रोजच्या खर्चाला वापरायला एरवी तिथे बंदी आहे. मात्र अडचणीतल्या कौन्सिलला सरकार खास सूट देऊ शकतं आणि अलीकडे ती देतंही.

माझं म्हणणं साधं आहे. वेटिंग लिस्ट संपेपर्यंत कुठल्याही कौन्सिलने 'उरलं' हा शब्द वापरू नये, आणि प्रत्येक विकलेल्या जागेचा हिशेब वेबसाइटवर टाकावा.

तो तुम्ही इथे बसूनही मागू शकता बरं का! त्यांचा माहितीचा कायदा अर्जदार कुठल्या देशाचा आहे ते बघत नाही. एक ईमेल पुरतो, आणि साधारणपणे वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं.