भाग बदलला, नंबर तोच!

एखाद्या कंपनीने हजारो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची बातमी आली की मेसच्या टेबलावर निकाल ठरलेला असतो : "कंपनी डब्बा आहे!" माझं मत नेमकं उलटं आहे. दोष सांगून गाडी परत बोलावणारी कंपनी बरी. भीती वाटली पाहिजे ती गप्प बसणाऱ्या कंपनीची.

ट्रकच्या बाबतीत तर जास्तच. जुन्या ट्रकचा डिझेल पंप मेकॅनिकल असायचा. काही बिघडलं की धूर काळा व्हायचा, आवाज बदलायचा, ड्रायव्हरला कळायचं. हायवेवरचा मिस्त्री पाना घेऊन कामाला लागायचा. आता डिझेल कधी आणि किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर इलेक्ट्रॉनिक्सशिवाय पानच हलत नाही. त्या डबीतला एखादा सोल्डर जॉइंट सुटला किंवा प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर ना धूर, ना आवाज. इंजिन एकदम बंद!

समजा, त्या वेळी भरलेला ट्रक बोरघाट उतरतोय. पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर, दोन्ही इंजिनवरच चालतात. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला टाकीत उरलेल्या हवेचाच आधार. ड्रायव्हर कितीही तरबेज असो, बंद डबीतला दोष त्याला दिसणार कसा? तो माहीत असतो फक्त बनवणाऱ्याला. म्हणून रिकॉल ही मेहेरबानी नाही, ते कर्तव्य आहे.

पण रिकॉल करायला आधी नोंदी खऱ्या लागतात. याचं सगळ्यात कडू उदाहरण ट्रकचं नाही, मोटारींचं आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कोबाल्ट वगैरे गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला तरी किल्ली फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगही उघडायची नाही. २००६ मध्ये स्विच सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! त्यामुळे नव्या गाड्यांत अपघात का कमी झाले, हे कंपनीच्याच तपासणाऱ्यांना अनेक वर्षं उमगेना. शेवटी अपघातग्रस्तांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा बिंग फुटलं. रिकॉल सुरू झाला २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख गाड्यांचा. भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू १२४.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कायदा आहे की! आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो, आणि २०२१ पासूनच्या नियमांत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. पण कायदा येतो तक्रारी साठल्यावर. त्याच्या कितीतरी आधी ड्रॉइंगवर कुणाची तरी सही झालेली असते.

ती सही उद्या तुमची-आमची असणार आहे, दोस्तांनो! ड्रॉइंगच्या सबमिशनला टायटल ब्लॉक म्हणजे दोन मार्कांची कटकट वाटते. रिव्हिजनचा रकाना तर रिकामाच जातो. प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही की 'मॅनेज' करायचं, ही सवय कॅम्पसबरोबर सुटत नाही. आमच्या सरांनाही विनंती, की न जुळलेलं पण खरं रीडिंग लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका. चुकलेलं लिहायची हिंमत इथे कॉलेजात आली नाही, तर कंपनीत बॉससमोर कुठून येणार?

भाग बदललात तर नंबर बदला. चुकलात तर तारीख टाकून लिहा. घाटात ट्रक चालवणारा माणूस आपली सही बघणार नाही, पण तो तिच्याच भरवशावर गाडी उतारावर घालणार आहे.