काटा हवा, पण कोणासाठी?

पवई तलावाच्या काठी गळ टाकून तासन् तास बसणारे हौशी लोक मुंबईकरांना नवे नाहीत. गळाला लागलेला मासा ताणकाट्याला लटकवून त्याचे वजन करावे की नाही, हा प्रश्न महागाई आणि परीक्षांच्या चिंतेत असलेल्या वाचकाला क्षुल्लक वाटेल. पण मासा खाण्यासाठी नव्हे, तर पकडून पुन्हा पाण्यात सोडण्यासाठीच धरला जातो, तेव्हा हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. एक मुका जीव आणि एका नदीचे भवितव्य त्यात गुंतलेले असते.

वजन करण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येण्यासारखे नाही. मासा सोडूनच द्यायचा असेल, तर तो किती किलोंचा होता याची उठाठेव कशाला, असे ते विचारतात. वजनाच्या आकड्याने माशाचे काहीच भले होत नाही. भले होते ते पकडणाऱ्याच्या फुशारकीचे. शिवाय या फुशारकीची किंमत मासा मोजतो. कॅनडातील फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी १९९२ साली ट्राउट माशांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गळावर झुंजताना मासा दमतो तसे दमवलेले, पण पाण्याबाहेर न काढलेले १०० पैकी ८८ मासे जगले. दमल्यानंतर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ जगले आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी केवळ २८. हे प्रयोगशाळेतील आकडे आहेत आणि प्रत्येक जातीच्या माशाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे खरे. तथापि, कल्ल्यात आकडा अडकवून मासा लटकवायचा, काट्याची सुई स्थिर होण्याची वाट पाहायची आणि मग छायाचित्रासाठी त्याला पुन्हा उचलायचे, या सोहळ्याला एक मिनिट पुरत नाही, हेही तितकेच खरे.

मग ताणकाटा नदीत भिरकावून द्यावा काय? असा निर्णय घेण्यापूर्वी कावेरीकडे पाहणे अगत्याचे आहे.

कर्नाटकातील कावेरीचा महाशीर ही गळवाल्यांच्या जगातील एक दंतकथाच होती. १९४६ साली व्हॅन इंजेन यांनी कबिनी नदीत पकडलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा भरला. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेल्या या माशासाठी देशोदेशींचे शौकीन कावेरीच्या काठी येत. पुढे तेथे पकडून सोडून देण्याची रीत रूढ झाली आणि गालिबोरे येथील तळावर प्रत्येक माशाची जात, वजन आणि गळ टाकल्याचे तास यांची नोंद होऊ लागली. १९९८ ते २०१२ या काळातील या वह्या संशोधकांनी पुढे तपासल्या. त्यांत २३ हजारांहून अधिक तासांची आणि ६ हजारांहून अधिक माशांची नोंद होती. अर्ध्या किलोहूनही लहान माशापासून सुमारे ४७ किलोंच्या माशापर्यंत सर्व त्यांत होते.

या वह्यांनी जे सांगितले, ते केवळ माशांची संख्या मोजून कळले नसते. संख्या तर वर्षागणिक वाढतच होती! वरवर पाहणाऱ्याने नदी भरभराटीस आली, असेच म्हटले असते. पण सरासरी वजन घटत होते. जातीनिहाय पाहता भर पडत होती ती निळसर परांच्या महाशीरची. वशिंडाचा महाशीर विरळ होत चालला होता आणि जो सापडे तो मोठा, वयस्क असे. त्याची लहान पिल्ले गळाला लागेनाशी झाली होती. घरात केवळ म्हातारी माणसे उरावीत आणि पाळणा हलू नये, तशी ही अवस्था. २०१८ साली ‘टॉर रेमादेवी’ हेच या माशाचे शास्त्रीय नाव असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. ज्याच्या नावाचा शतकभर डंका वाजला, त्याला शास्त्राच्या दप्तरी स्वतःचे नाव मिळाले ते मरणाच्या दारी.

यात महाराष्ट्राने विचार करावा असाही एक धागा आहे. निळसर परांचा महाशीर हा मूळचा आपल्या दख्खनचा. कर्नल सायक्स याने १८३९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यकेंद्रात त्याची पैदास झाली आणि तेथील पिल्ले अन्य राज्यांतही गेली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हे दरवेळी पुण्यकर्म ठरतेच असे नाही. कावेरीच्या मूळ रहिवाशाच्या ऱ्हासामागे धरणे, पाण्याचा उपसा आणि सुरुंगाची मासेमारी ही कारणे आहेतच; पण या पाहुण्याची स्पर्धा हेही त्यांतील एक मोठे कारण असावे, असे संशोधकांचे मत आहे. हा संशय घेण्यास आधार मिळाला, तो हौशी लोकांनी लिहून ठेवलेल्या वजनांमुळे.

तेव्हा वजन करावे, परंतु शिस्तीने करावे. मासा कल्ल्याला लटकवू नये. ओल्या झोळीत घेऊन क्षणभरच उचलावा. झोळीचे वजन आधीच वजा करून ठेवावे. फार मोठा किंवा फार थकलेला मासा असेल, तर पाण्यातच त्याची लांबी आणि घेर मोजावा. इंचांतील लांबीला घेराच्या वर्गाने गुणून ८०० ने भागले की पौंडांतील वजनाचा बरा अंदाज येतो, हे गणित जुन्या गळवाल्यांना ठाऊक आहे. तेवढाही धीर माशात उरला नसेल, तर आकडा सोडावा आणि मासा वाचवावा.

मुख्य म्हणजे तो आकडा वहीत उतरला पाहिजे, आणि वही अभ्यासकांच्या हाती पडली पाहिजे. रिकाम्या हाताने घालवलेले तासही त्यात हवेत, कारण न मिळालेला मासाही नदीविषयी काही सांगत असतो. मित्रांच्या बैठकीत दरवर्षी दोन किलोंनी वाढणारे वजन माशाच्या काही कामाचे नाही. जे वजन नोंदले जाणार नाही, त्यासाठी माशाचा श्वास कोंडण्याचा अधिकार कोणासही नाही.