आम्हाला काय माहीत!

"आम्हाला काय माहीत बाई, आम्ही तर घरात होतो." धूलकोटच्या ओट्यावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की युद्ध संपल्यावर जर्मन माणसंही हेच म्हणत होती, हे वाचून नवल वाटलं नाही.

माहीत नव्हतं? एप्रिल १९३३मध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पडला, तो भर बाजारात. नोव्हेंबर १९३८मध्ये त्यांची प्रार्थनास्थळं जळाली, ती भर वस्तीत. १९४१पासून शेजाऱ्यांना आगगाड्यांत भरून पूर्वेकडे नेलं आणि मागे राहिलेली कपाटं, चादरी, भांडी जाहीर लिलावात विकली. घेणारे कोण होते? विषारी वायूच्या कोठड्यांचा तपशील सगळ्यांना ठाऊक नसेल, मान्य. पण कपाटाचा मालक आता परत येणार नाही, एवढं तर बोली लावणाऱ्याला कळत होतंच ना?

जर्मनी लांबची. आपल्या भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी घ्या. सुरेखा भोतमांगे यांनी एका माणसाला झालेल्या मारहाणीचे आरोपी पोलिसांना ओळखून दाखवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी ते जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी सुरेखाबाई, मुलगी प्रियांका, मुलगे रोशन आणि सुधीर, चौघांना गावातच ठार मारलं. प्रेतं कालव्यात टाकली. गाव केवढंसं! या टोकाची हाक त्या टोकाला जाते. तरी वाचवायला कुणी धावलं नाही, आणि नंतर तोंड उघडणारे बोटांवर मोजण्याइतके. "भीती वाटली हो." वाटलीच असेल. पण भीती वाटायला आधी माहीत असावं लागतं!

जिने पाहिलेलं सांगितलं ती मेली. ज्यांनी गिळलं ते जगले. म्हणून गिळणं निर्दोष ठरत नाही.

आम्ही जैन पाणी गाळून पितो. पाप तीन वाटांनी लागतं, हे लहानपणीच पाठ झालेलं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला अनुमोदन दिलेलं. पहिल्या दोन वाटांवर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. तिसरीवर आमचं दुकान आहे.

दुष्काळाच्या वर्षी बारेला बाया पायातली चांदी काढून आमच्या गल्ल्यावर ठेवायच्या. भाव आम्ही सांगू तो. मी आतून बघायचे. त्यांची मान खाली का, हे आठ वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. मी याची तुलना कत्तलीशी करत नाही. पण न बघण्याची सवय अशीच लागते, घरातल्या घरात.

त्यातलंच एक कडं मोडून माझ्या लग्नातले पैंजण घडवले. कुणाचं होतं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.