गाडीवर अळंबी!

गाडीवर उगवलेली अळंबी कुणी पाहिली आहे का? इंग्लंडात असं होतं बरं का! मॉरिस मायनर ही तिथली लाडकी छोटी गाडी. (आपली अँबॅसडरही मॉरिस घराण्यातलीच.) ती १९४८ साली आली, आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. तिच्या 'ट्रॅव्हलर' या प्रकारात मागचा सांगाडा चक्क ॲश झाडाच्या लाकडाचा! नुसता शोभेचा नव्हे हं, मागच्या छताचा भार त्याच्यावरच. पाऊस मुरला की लाकूड कुजतं, शेवाळं धरतं, कधी अळंबीसुद्धा!

तरी हौशी माणसं अशी गाडी विकत घेतात, रोज कामावर नेतात आणि सुट्टीत थोडी थोडी दुरुस्त करतात. आधी काय करायचं? "रंग!" माझ्या वर्गातली मुलं एका सुरात ओरडली. छे! पुढच्या चाकाला धरून ठेवणारा एक आट्यांचा सांधा असतो. त्याला वेळच्या वेळी ग्रीस दिलं नाही तर आटे झिजतात, आणि एक दिवस चाक कलंडून गाडी नाक घासत बसते. चालत्या गाडीचं असं झालं तर? म्हणून आधी तो सांधा, ब्रेक आणि गंजलेला तळ बघायचा. लाकूड पेचकसाने टोचायचं. टोक आत घुसलं की तो तुकडा बदलायचा. रंग अगदी शेवटी.

बरं, २०१८ पासून इंग्लंडात चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मग गाडीखाली वाकून कोण बघणार? मालकच!