माडीवरची गिटार व माजघरांतील खाट

ज्यांच्या घरांत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या वाचकांस हा विषय परका वाटणार नाहीं. पूर्वीं मुलानें पेटीसाठीं हट्ट धरावा आणि वडिलांनीं अभ्यासाचें कारण सांगून तो मोडावा, अशी रीत होती. आतां पेटीच्या जागीं गिटार आली आहे, आणि तीहि विजेवर चालणारी. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. गिटारीस तारा सहा असतात, एवढेंच ज्ञान मला परवांपर्यंत होतें. तरी या महिन्यांत त्याच विषयावर लिहावयास बसलों आहें, याचें कारण माझ्या हातून घडलेली एक चूक होय.

आमचें घर पाटणांत, जुन्या बांधणीचें. खालीं माजघर व वर लाकडी तक्तपोशीची माडी. माजघरांत माझ्या मातुःश्रींची खाट असते. त्यांचें वय ब्याण्णव. दोन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या अंथरुणास खिळून आहेत. माझ्या पुतण्याचा मुलगा यंदां अकरावींत आहे. दिवाळीच्या सुटींत त्यानें कऱ्हाडच्या एका मित्राकडून बारा इंची स्पीकरचा एक भला मोठा ध्वनिवर्धक, म्हणजे मुलें ज्यास 'ॲम्प' म्हणतात तो, उसना आणला, माडीवर भुईलाच ठेवला आणि संध्याकाळीं वाजविण्यास आरंभ केला.

खालीं फडताळांतील पितळी भांडीं किणकिणूं लागलीं. आई दचकून जागी झाली, उठण्याची धडपड करूं लागली आणि म्हणाली, "भूकंप! मुलांना बाहेर काढा!" आमच्या कोयनाकांठच्या वडील मंडळींस यापुढचें सांगावयास नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें, त्या वेळीं मी आठ वर्षांचा होतों. मला पाठुंगळीस घेऊन ती अंधारांत बाहेर धांवली होती. त्यानंतरहि लहानमोठे धक्के या खोऱ्यास बसतच आले आहेत.

मी तसाच माडीवर गेलों आणि नातवास म्हणालों, "हें भूत आजच्या आज घराबाहेर गेलें पाहिजे." त्यानें एक शब्दहि उलट काढला नाहीं. दुसऱ्या दिवशीं ॲम्प परत गेला. गिटार पिशवींत घालून खुंटीस टांगली गेली. तीन आठवडे तिला त्यानें हात लावला नाहीं. जेवतांना तो पूर्वींसारखा बोलत नाहीं, हें घरांत सर्वांस दिसत होतें. मी मात्र शिस्त लागली असें समजून समाधानांत होतों.

एके रात्रीं आईचे पाय चेपीत बसलों असतां ती म्हणाली, "अरे, हल्लीं पोराचं वाजवणं ऐकूं येत नाहीं. बरं वाटायचं रे तें. खाट हलली, तेवढी नको." छत्तीस वर्षें नव्या शिक्षकांस मी सांगत आलों कीं, चौकशी केल्यावांचून मुलास शिक्षा करूं नये. जो भेद रोगशय्येवरील वृद्धेस कळला, तो मला कळला नव्हता. तिला स्वर नको नव्हता, कंप नको होता.

दुसऱ्या दिवशीं नातवास जवळ बसवून म्हटलें, "त्या दिवशीं मी न विचारतां बोललों, तें चुकलें. मला यांतलें कांहीं कळत नाहीं. तूं मला शिकव." तो प्रथम संकोचला, मग "आप्पाआजोबा, खरंच ऐकणार?" असें विचारून असा बोलत सुटला कीं, जेवणाची वेळ टळली. त्याच्याकडून व नंतर वाचनानें जें समजलें, तें येथें देतों.

विजेच्या गिटारीस सतारीसारखा पोकळ भोपळा नसतो. तारेच्या कंपनानें चुंबकावरील वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्यास मोठा करण्याचें व रंग देण्याचें काम ॲम्पचें. अमेरिकेंतील फेंडर, इंग्लंडांतील व्हॉक्स व मार्शल यांच्या जुन्या ॲम्पांत आपल्या जुन्या रेडिओंतल्यासारखे कांचेचे वाल्व असत. त्यांच्यावर शक्तीबाहेर भार घातला म्हणजे स्वर किंचित् फाटतो, खरखरीत व भरदार होतो; वादकांस हाच स्वर प्रिय झाला. अडचण अशी कीं, तो मिळविण्यास ॲम्प मोठ्यानेंच वाजवावा लागे. सभागृहास तें शोभतें, घरास नाहीं.

या अडचणीवरील उपाय म्हणजे 'मॉडेलिंग' ॲम्प. १९९६ सालीं लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीनें असा ॲम्प बाजारांत आणला. त्यांत गिटारीचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां मोजून आंकड्यांत उतरविला जातो. अमुक वाल्वचा ॲम्प त्या प्रवाहाचें काय करील, हें गणितानें काढून उत्तर पुन्हां ध्वनिरूपानें बाहेर येतें. त्यामुळें स्वराचा रंग व स्वराचा मोठेपणा हीं दोन निरनिराळीं होतात. हळू वाजवूनहि स्वर भरदार राहतो.

हें ऐकतांच मला मिरजेच्या तंबोऱ्यांची आठवण झाली. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोरा कांहीं मोठ्यानें वाजत नाहीं. पण घोडीवर जवारी काढलेली असते, तारेखालीं बारीक सूत सरकवून ती नेमकी जुळविली जाते आणि एका तारेंतून अनेक स्वरांची झांक उमटते. स्वर समृद्ध करणें व स्वर मोठा करणें यांतील भेद आमच्या कारागिरांस केव्हांचा ठाऊक आहे.

आतां निवडीसंबंधीं. दुकानांत पहिला आंकडा सांगतात तो वॅटचा, आणि तोच सर्वांत अधिक फसवितो. आवाज कानास दुप्पट वाटावा म्हणून शक्ति सुमारें दसपट लागते. बॉसच्या कताना-५० या ॲम्पास ५०, २५ व अर्धा वॅट असे टप्पे आहेत. पन्नासावरून अर्ध्यावर आणलें, म्हणजे शक्ति शंभरावा हिस्सा झाली, तरी आवाज कानास सुमारें चौथा हिस्सा वाटतो. यास्तव घरगुती सरावास पांच-दहा वॅट पुष्कळ होतात. वॅट अधिक असल्यास बिघडत नाहीं. मात्र कळ अगदीं खालीं असतांनाहि स्वर नीट निघतो कीं नाहीं, तें पाहावें.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या आकाराची, आणि आमच्या घरीं तीच महत्त्वाची ठरली. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. बारा इंची स्पीकर हा मंद्र स्वर सहज बाहेर टाकतो आणि लाकडी तक्तपोशी तो खालीं पोंचविते. यामाहाच्या टीएचआर-१० या ॲम्पाच्या दुसऱ्या आवृत्तींत आठ सेंटिमीटरचे दोन स्पीकर आहेत व शक्ति २० वॅट. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क मिनी १० वॅटचा असून एकदां भारल्यावर आठ तासांपर्यंत चालतो. फेंडरच्या मस्टँग एलटी-२५ मध्यें आठ इंची स्पीकर आहे. लहान स्पीकर मंद्र स्वर पूर्णपणें देऊं शकत नाहीं. परंतु वरच्या अंशस्वरांवरून आपला कान मूळ स्वर पुष्कळसा भरून काढतो. बॉसचा कताना मिनी, ७ वॅटचा, सहा लहान सेलांवर चालणारा, याच ओळींत दाखवितात. त्यांत गणित नाहीं, जुन्याच पद्धतीची मंडलें आहेत. सरावास तोहि चालतो.

तिसरी गोष्ट हेडफोनची. गिटार ऐकावयाची तर हेडफोन तारेचाच घ्यावा. ब्लूटूथच्या हेडफोनांत बोट पडणें व स्वर कानीं येणें यांत अंतर राहतें, आणि त्यानें मुलाचा ताल बिघडतो. ब्लूटूथचा उपयोग साथीचें संगीत ॲम्पांत लावण्यास करावा. हेडफोनमुळें घरास शांतता मिळते, पण कानांचें काय? मोठ्यांनीं ८० डेसिबल व मुलांनीं ७५ डेसिबल आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. हेडफोन लावलेल्या मुलाशीं हातभर अंतरावरून नेहमींच्या आवाजांत बोलावें. त्यास ऐकूं न आल्यास कळ खालीं आणावी.

चौथी गोष्ट फोनची. कित्येक ॲम्पांचे बहुतेक रंग फोनवरील ॲपमधूनच बदलतां येतात. सरावास बसलेला मुलगा त्या निमित्तानें फोनमध्यें गुंतून राहतो, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. मुख्य कळा ॲम्पावरच असाव्या. शंभर रंगांपेक्षां तीन-चार चांगले रंग शिकणाऱ्यास अधिक उपयोगी पडतात.

पांचवी गोष्ट विजेची. ही मी आग्रहपूर्वक सांगतों. विजेच्या गिटारीच्या तारा ॲम्पाच्या धातूच्या भागाशीं जोडलेल्या असतात, आणि मुलाचीं बोटें त्या तारांवर असतात. जुन्या घरांत तीन भोकांची खुंटी दिसते, पण आंत अर्थिंगची तार कित्येकदां नसतेच. म्हणून भिंतीवर चालणारा ॲम्प घेण्यापूर्वीं वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें; तीन पिनांच्या प्लगाची एक पिन कधींहि मोडूं नये. आमच्या माडीवर अर्थिंग नव्हतें, असें तपासणींत आढळलें. इतके दिवस त्याच खुंटीवर मी इस्त्री करीत आलों होतों!

नातू व मी मिळून कोल्हापुरास गेलों. दुकानदारानें प्रथम मोठा ॲम्पच पुढें केला. नातवानें नम्रपणें सांगितलें, "आमच्या घरीं पणजीआजी आजारी आहे; सर्वांत हळू कोणता चांगला वाजतो तो दाखवा." त्यानें एकामागून एक चार ॲम्प आवाज अगदीं खालीं ठेवून वाजवून पाहिले. हीच खरी परीक्षा होय. आवाज कमी झाला म्हणजे मानवी कानास खालचे व वरचे स्वर कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें आहे. तेव्हां दुकानांत मोठ्यानें गोड लागलेला ॲम्प घरीं मिळमिळीत वाटण्याचा संभव असतो. शेवटीं दोन लहान स्पीकरांचा, बॅटरीवरहि चालणारा एक ॲम्प आम्हीं घेतला. निम्मे पैसे त्यानें साठविलेले होते, निम्मे माझ्या पेन्शनमधून दिले.

घरीं आल्यावर एक प्रयोग केला. ॲम्प भुईवर न ठेवतां भिंतीपासून दूर एका स्टुलावर चौघडी गोधडी घालून ठेवला व त्याचें तोंड नातवाच्या कानाच्या उंचीस आणलें. भुईवरचा ॲम्प वादकाच्या गुडघ्यांस ऐकवितो, कानास नव्हे. म्हणून मुलें कळ वाढवीत जातात. खालीं आईच्या उशाशीं फडताळावर पाण्यानें भरलेली वाटी ठेवून मी पाहत बसलों. तो वर कळ हळूहळू फिरवीत होता. पाण्यावर पहिली लहर दिसतांच मीं हांक मारली. त्याच्या अलीकडे कळेजवळ त्यानें लाल शाईची खूण केली. त्या खुणेपुढें जावयाचें नाहीं, असें त्यानें आपणहून ठरविलें.

निवासी भागांत रात्रीं आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा, असें सरकारच्या २००० सालच्या नियमांत आहे. आमच्या घरचा नियम त्याहून सोपा आहे. दिवेलागणीनंतर तासभर स्पीकर, तोहि आईस विचारून. जेवणानंतर तारेचा हेडफोन. परीक्षेच्या महिन्यांत अर्धा तास. हा नियम मीं घातला नाहीं. नातू, त्याची आई व मी, असा तिघांनीं बसून केला, म्हणूनच तो अद्याप टिकून आहे.

पहिल्या दिवशीं तो वाजवूं लागला तेव्हां मी आईजवळच होतों. तिनें डावा हात खाटेच्या पाटीवर ठेवला, कांहीं वेळ तसाच राहूं दिला आणि मग म्हणाली, "हलत नाहीं. वाजवूं दे त्याला." हल्लीं एखाद्या दिवशीं त्यास शिकवणीहून यावयास उशीर झाला, तर दिवा लागल्याबरोबर ती मला त्याची चौकशी करावयास लावते.