हरकतीचे साठ दिवस आणि आपला पावसाळा

"साहेब, आमच्या बागा आता सरकार घेणार काय हो?" पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा विषय निघाला की खेड, चिपळूण, संगमेश्वर भागात हा प्रश्न हमखास येतो. शेतकरी बंधूंनो, आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ प्रमाणे केंद्र सरकार आधी मसुदा राजपत्रात छापते, हरकतींसाठी साठ दिवस देते, आणि अंतिम अधिसूचना निघाल्यावरच बंधने लागू होतात.

या विषयाचा मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. पुढे २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असे एकूण सहा मसुदे झाले. महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले आहे. बागा घेण्याची तरतूद त्यात नाही. जुन्या घराची दुरुस्ती, जमिनीची खरेदी-विक्री यांवरही बंदी नाही. बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी आणि वाळू उपशावर. चालू खाणीही अंतिम अधिसूचनेनंतर जास्तीत जास्त पाच वर्षांत बंद करायच्या आहेत. म्हणजे ज्याचे पोट चिरेखाणीवर आहे, त्याने हा कागद नीट वाचायला हवा. आपण मात्र बागांचीच चर्चा करत बसतो.

अडचण मुदतीची आहे. २०२२ चा मसुदा ६ जुलैचा, ऐन लावणीतला. २०२४ चा ३१ जुलैचा. पुढे बेणणी, मग गणपती, आणि सप्टेंबरअखेर मुदत संपलीसुद्धा. त्या साली १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला असता तर वेळेत पोचला असता. २ ऑक्टोबरच्या ठरावाला उशीर झाला असता.

दुसरी अडचण भाषेची. २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला होता. त्या भाषांत मराठी आहे. तेव्हा मराठी प्रत मागायला लाजू नका.

मसुदा आला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून गावांची यादी पाहा. गावाचे नाव, सर्व्हे नंबर आणि नेमकी हरकत लिहून सहीनिशी पाठवा, पोच जपून ठेवा. हरकत घ्या किंवा पाठिंबा द्या, पण साठ दिवसांच्या आत, लेखी. बांधावरची चर्चा दिल्लीला ऐकू जात नाही.