माल आमचा, मत कुणाचं?

हरभऱ्याच्या घाटेअळीवर उद्या लिहितो, आज बाजार समितीवर बोलू.

नाव कृषी उत्पन्न बाजार समिती. मत मात्र सोसायटीच्या संचालकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना. 18 पैकी 11 संचालक सोसायटीवाले निवडतात, 4 ग्रामपंचायतवाले, 2 व्यापारी-अडते आणि 1 हमाल-मापाडी. हमालाला मत पाहिजेच, तो घाम गाळतो. पण ज्याचं पोतं तो उचलतो त्याला का नाही?

2017 ला कायदा बदलला होता. किमान 10 गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीन वेळा त्या समितीत माल विकलेला, अशा शेतकऱ्याला थेट मत. सोलापूरला 2018 मध्ये तसं मतदान झालंही. 2020 ला ते काढून घेतलं. 2022 ला सरकार बदललं, पुन्हा देतो म्हणाले. आणि एप्रिल 2023 च्या निवडणुका जुन्याच यादीवर! वर सांगितलं, शेतकऱ्याला उभं राहता येईल. म्हणजे नवरदेव व्हा, पण अक्षता टाकायला तुमची माणसं नकोत.

कारण काय, तर खर्च झेपत नाही. अहो, समितीचा पैसा येतो कुठून? सेस कागदावर खरेदीदार भरतो, पण बोली लावतानाच तो हिशेबात धरतो. आमच्याच भावातून गेलेला पैसा आमच्या मतदानाला जड होतो?

कुणी म्हणेल, सोसायटीचे संचालक तुम्हीच निवडता की. निवडतो, पण सभासद असलो तरच. जो सोसायटीचा सभासदच नाही, तो काय करणार? आणि मतदार मोजके असले की गाडीत घालून सहलीला नेता येतात. हजारो शेतकऱ्यांना कोण नेणार? खरी अडचण खर्चाची नाही, ही आहे.

2017 चा नियम तरी पुरा होता असं नाही. पट्टी बहुतेक घरच्या गड्याच्या नावावर, सातबाराही त्याचाच. मग वेचणी-खुरपणी करणारी बाई मतदार कशी होणार? बटईनं करणाऱ्याचं तर कुठंच नाव नाही. खेडा खरेदीत माल दिला तर पट्टीच मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं, सातबाऱ्याची अट सोडा, विक्रीची पट्टी धरा. नवरा-बायको दोघांची नावं त्यावर लिहा.

तोवर एक करा. अडत्याकडून पक्की पट्टी मागून घ्या, फाईलला लावा. उद्या यादी निघालीच तर पुरावा तोच लागेल.